यकृताचे संप्रेरक आणि गोडाची ओढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड खावेसे वाटणे हा जिभेचा चोचला की मनाचा दुबळेपणा, हा वाद आपल्या घरोघरी जुना आहे. या वादात यकृतालाही एक बाजू आहे, हे गेल्या दहा-बारा वर्षांत स्पष्ट झाले आणि तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न सतत येत राहिले. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी औषधे व पथ्य यांचे निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

१. यकृत पित्त तयार करते, एवढे शाळेत शिकलो होतो. ते संप्रेरकेही सोडते का?

होय. एका अवयवाने रक्तात सोडलेला आणि दूरच्या अवयवाने वाचलेला रासायनिक निरोप म्हणजे संप्रेरक, आणि या व्याख्येत थायरॉइड ग्रंथी जितकी बसते तितकेच यकृतही बसते. हाडांच्या वाढीसाठी लागणारे आयजीएफ-१ मुख्यतः यकृतातून येते. आतड्याने किती लोह शोषावे हे ठरवणारे हेप्सिडिन यकृतच बनवते आणि अस्थिमज्जेला प्लेटलेट तयार करायला सांगणारे थ्रॉम्बोपोएटिनही प्रामुख्याने तेथेच तयार होते. यकृताची जागा पाहिली, तर यात नवल वाटू नये. आतड्यात शोषलेली साखर आणि अमिनो आम्ले सर्वांत आधी यकृतात येतात आणि मग उर्वरित शरीरात जातात. गावात काय माल आला आणि किती आला, हे जकात नाक्यावरच्या कारकुनाला सर्वांत आधी कळावे, तसेच हे आहे.

२. एफजीएफ-२१ हे नाव सारखे वाचायला मिळते. ते नेमके काय आहे?

ते १८१ अमिनो आम्लांचे एक प्रथिन आहे. २००० साली जपानमधील क्योतो विद्यापीठातील नोबुयुकी इतोह यांच्या गटाने त्याचे जनुक प्रथम शोधले. माणसात हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. 'फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर' या कुळातील एकविसावे म्हणून त्याला हे नाव मिळाले, पण नावावरून फसू नये, कारण कुळातील बहुतेक भावंडे जेथे तयार होतात तेथेच पेशींची वाढ घडवतात, तर हे प्रथिन रक्तातून दूरवर जाऊन चयापचयाचे काम पाहते. २००५ साली एली लिली कंपनीच्या संशोधकांनी मधुमेही उंदरांत ते टोचल्यावर रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) उतरल्याचे दाखवले आणि सर्वांचे लक्ष तिकडे वळले.

हे संप्रेरक कोणत्याही पेशीला निरोप देऊ शकत नाही. पेशीवर त्याच्या नेहमीच्या ग्राहीबरोबर (म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाबरोबर) बीटा-क्लोथो नावाचे दुसरे प्रथिनही असावे लागते. दोन चाव्या लागल्याशिवाय न उघडणाऱ्या बँकेच्या लॉकरसारखी ही व्यवस्था आहे. (क्लोथो ही ग्रीक पुराणातील आयुष्याचा धागा कातणारी देवी, शास्त्रज्ञांनाही नावे ठेवताना कधीकधी कविता सुचते.) मेंदूतील ज्या थोड्या भागांत बीटा-क्लोथो आढळते, तेथेच या संप्रेरकाचे म्हणणे ऐकले जाते.

३. गोड खाल्ल्यानंतर यकृत आणि मेंदू यांच्यात क्रमाने काय घडते?

आपण खातो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी आहे. ती आतड्यात सुटी होते. ग्लुकोज शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी वापरू शकते, परंतु फ्रुक्टोजचा मोठा वाटा यकृताच्याच गळ्यात पडतो. यकृताच्या पेशीत साखरेचे हे ओझे वाढले, की सीएचआरईबीपी नावाचे नियंत्रक प्रथिन जागे होते आणि ते जी अनेक जनुके चालू करते, त्यांत एफजीएफ-२१चे जनुकही असते. तयार झालेले संप्रेरक रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते आणि हायपोथॅलॅमस या भागात त्याचा निरोप असा वाचला जातो : गोड पुरे झाले.

हा दुवा अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे मॅथ्यू पॉटहॉफ आणि कोपनहेगन विद्यापीठाचे मॅथ्यू गिलम यांच्या गटांनी २०१५च्या अखेरीस उंदरांत मांडला. ज्या उंदरांच्या यकृतातून हे संप्रेरक काढून टाकले होते ते साखरेचे पाणी अधिक पीत होते आणि ज्यांच्यात ते भरपूर होते ते कमी पीत होते. २०२०मध्ये आयोवाच्याच गटाने, हायपोथॅलॅमसच्या नेमक्या कोणत्या भागातील चेतापेशी हा निरोप घेतात, तेही दाखवले.

वेळेचे गणित मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. माणसांना ७५ ग्रॅम फ्रुक्टोज पाजून केलेल्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रक्तातील एफजीएफ-२१ सुमारे दोन तासांनी सर्वोच्च पातळीला, म्हणजे आधीच्या तिपटीहून अधिक, पोहोचले. पंगतीत वाढपी जिलबीचे ताट घेऊन दुसऱ्यांदा येतो, तेव्हा यकृताचा निरोप अजून वाटेतही नसतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाढीच्या वेळी आपल्याला थांबवण्याचे काम हे संप्रेरक करू शकत नाही.

४. म्हणजे गोडाची तीव्र इच्छा यकृतातूनच निर्माण होते, असे म्हणायचे का?

नाही, आणि या विषयावरचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. एफजीएफ-२१ इच्छा निर्माण करत नाही, तर ती आवरते. यकृत येथे लगामाचे काम करते; घोडा वेगळाच आहे. गोडाची ओढ जन्मजात असते. नवजात बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला, तर ते चेहरा सैल सोडून चाटू लागते. ही ओढ मेंदूतील आनंद आणि अपेक्षा यांच्या यंत्रणेतून येते आणि सवय, झोप, ताण, घरातील डबे व सणवार यांनी ती वाढते किंवा कमी होते. त्यामुळे "माझे यकृत बिघडले म्हणून मला गोड लागते" असे विधान दोन कारणांनी अडचणीचे ठरते : एक तर संप्रेरकाचे काम उलट दिशेचे आहे, आणि दुसरे म्हणजे यकृताच्या नेहमीच्या आजारांत या संप्रेरकाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली आढळते (प्रश्न १३ पाहा).

५. गुडमारचे पान चघळल्यावर साखर मातीसारखी लागते. हे संप्रेरकही जिभेवर तसेच काम करते का?

दोन्हींचा परिणाम वरवर सारखा वाटला, तरी जागा वेगळ्या आहेत. गुडमार, म्हणजे आपल्याकडे काही भागांत बेडकीचा पाला म्हणून ओळखली जाणारी वेल, हिच्यातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडाच्या ग्राहीला चिकटतात. हा ग्राही दोन प्रथिनांचा बनलेला असून २००१च्या सुमारास तो ओळखला गेला. तो अडला, की साखर तोंडात असूनही मेंदूला ती कळत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने ग्राही मोकळा झाला की चव परत येते.

एफजीएफ-२१मुळे चव कळण्यात फरक पडत नाही. कळलेल्या चवीची किंमत बदलते. डॅलस येथील टेक्सस साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रातील डेव्हिड मँगल्सडॉर्फ आणि स्टीव्हन क्लीवर यांच्या गटाने, मेंदूतून बीटा-क्लोथो काढून टाकलेल्या उंदरांत या संप्रेरकाचा गोडावरील परिणाम नाहीसा होतो, असे दाखवले. परिणाम जिभेवर होत असता, तर मेंदूतील चावी काढल्याने तो थांबला नसता.

६. हे सगळे उंदरांवरचे दिसते. माणसाविषयी काय पुरावा आहे?

पुरावा तीन प्रकारचा आहे आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला माकडांचा. वरील डॅलस गटाच्याच अभ्यासात माकडांना एफजीएफ-२१सारखे औषध दिल्यावर सॅकरीन घातलेल्या गोड पाण्याकडे त्यांचा असलेला ओढा कमी झाला.

दुसरा डेन्मार्कमधील. २०१७मध्ये कोपनहेगनच्या गटाने गोड आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या निरोगी व्यक्तींना रात्रभर उपाशी ठेवून ७५ ग्रॅम साखर पाण्यातून दिली. हे प्रमाण चहाच्या पंधरा-अठरा चमच्यांएवढे होते, म्हणजे घरगुती मापाने भरपूरच. साखर पिण्याच्या आधी, उपाशीपोटी, गोड नावडणाऱ्यांच्या रक्तात एफजीएफ-२१ सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होते. साखर प्यायल्यावर दोन्ही गटांत ते वाढून जवळजवळ सारखे झाले. येथे फरक दिसला, पण संप्रेरक अधिक असल्यामुळे गोड आवडत नाही की आणखी कशामुळे दोन्ही गोष्टी एकत्र येतात, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही.

तिसरा पुरावा औषधाचा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्थूल व्यक्तींना, एफजीएफ-२१ ज्या ग्राहीजोडीवर काम करते तीच चालू करणारे प्रतिपिंड टोचले गेले, तेव्हा वजनात तात्पुरती घट झाली आणि खाण्याची निवड कर्बोदकांपासून दूर जाण्याकडे कल दिसला. जनुकांचा पुरावा प्रश्न ९ मध्ये दिला आहे.

माझ्या मते यातून निघणारा प्रामाणिक निष्कर्ष असा, की माणसात ही यंत्रणा आहे, तिचा हात हलका आहे, आणि ज्या ठळकपणे ती पिंजऱ्यातील उंदरात दिसते त्या ठळकपणे ती लग्नाच्या पंगतीत दिसणार नाही.

७. साखर, गूळ, मध, फळे : यकृताला यांतला फरक कळतो का? आणि भात-पोळीचे काय?

यकृताला पदार्थाचे नाव कळत नाही. किती फ्रुक्टोज आणि किती ग्लुकोज किती वेगाने आले, एवढेच त्याला कळते. गुळातला मोठा भाग साखरच असते. सोबतीला थोडी खनिजे आणि काकवीचा रंग-वास. गुळाला 'नैसर्गिक' म्हटल्याने यकृताच्या हिशेबात सूट मिळत नाही. मधात फ्रुक्टोज सुमारे ४० टक्के आणि ग्लुकोज त्याहून थोडे कमी असते. फळांतही फ्रुक्टोज असते, पण ते चोथा आणि पाणी यांच्यासोबत, चावून, सावकाश येते; त्याच फळांचा गाळलेला रस गटागट प्यायल्यास हा फायदा उरत नाही.

दुधातील साखरेत फ्रुक्टोज नसते. म्हणून बासुंदीची स्वतःची, आटवलेल्या दुधाची गोडी आणि तीत वरून घातलेली साखर या यकृताच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भात, पोळी आणि बटाटा यांतील पिष्टाचे अखेर ग्लुकोजच होते. ग्लुकोजनेही माणसात एफजीएफ-२१ वाढते, मात्र फ्रुक्टोजच्या मानाने कमी आणि उशिरा, म्हणजे तीन-चार तासांनी. उलट दिशेनेही फरक दिसतो : उंदरांत या संप्रेरकाने साध्या साखरांचे सेवन घटले, पण पिष्टमय पदार्थांचे घटले नाही.

८. मग शुगर-फ्री गोळ्यांनी हा लगाम लागतो की नाही?

कृत्रिम गोडी जिभेवरील ग्राहीला फसवते, परंतु यकृतातील सीएचआरईबीपी जागे होते ते साखरेच्या प्रत्यक्ष चयापचयामुळे, आणि सॅकरीन किंवा सुक्रॅलोज यांत तसे चयापचय करण्याजोगे काही नसते. त्यामुळे "गोड आले" हा जिभेचा निरोप जातो, पण "साखर पोहोचली" हा यकृताचा निरोप निघण्याचे कारण उरत नाही. यावरून शुगर-फ्री गोळ्यांनी गोडाची हाव वाढतेच, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. तो वेगळा आणि बराच वादग्रस्त प्रश्न आहे. चहात दोन चमचे साखरेऐवजी गोळी घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची आठ-दहा ग्रॅम साखर वाचते, एवढे निश्चित.

९. आमच्या घरात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळेच गोडघाशे आहेत. हे आनुवंशिक आहे का?

काही अंशी असू शकते. प्रश्न ६ मधील डॅनिश गटाने ६,५००हून अधिक लोकांच्या आहाराची आणि जनुकांची माहिती तपासली. एफजीएफ-२१च्या जनुकात एका विशिष्ट ठिकाणी एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर असणाऱ्या लोकांत, सर्वाधिक गोड खाणाऱ्यांच्या गटात मोडण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळली. हा आकडा मोठा वाटतो, परंतु अक्षराचा हा बदल दुर्मीळ नाही. युरोपीय लोकांत तो अगदी सर्रास आढळतो आणि तो असूनही गोडाला हात न लावणारे असंख्य लोक आहेत.

तुमच्या घरातील आजोबा आणि नातू यांच्यात जनुके सामायिक आहेत, तसा साखरेचा डबाही सामायिक आहे. कुटुंबाच्या निरीक्षणावरून या दोहोंची फारकत करता येत नाही. शिवाय लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक गोडी आवडते आणि पौगंडावस्थेत ही आवड उतरू लागते, त्यामुळे नातवाच्या आवडीचे श्रेय आजोबांना देण्याआधी त्याला चार-पाच वर्षे मोठे होऊ द्यावे. आणखी एक मर्यादा म्हणजे या पाहण्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाल्या आहेत. भारतीयांना त्यांतील टक्केवारी जशीच्या तशी लावू नये.

१०. ज्यांच्यात हा 'गोडाचा' जनुकभेद असतो, ते लठ्ठच होत असणार ना?

येथे अपेक्षा उलटी पडते. २०१८मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकमधील सुमारे साडेचार लाख लोकांच्या माहितीवरून असे आढळले, की अधिक साखर खाण्याशी जोडलेला हाच भेद शरीरातील एकूण चरबीच्या किंचित कमी प्रमाणाशी जोडलेला आहे. मात्र पोटाभोवतीची चरबी आणि रक्तदाब यांच्याबाबत तो किंचित वाईट बाजूला झुकलेला आढळला. हे परिणाम इतके लहान आहेत, की एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते जाणवणारही नाहीत. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते. एफजीएफ-२१ खाण्याच्या आवडीखेरीज इतर अनेक ठिकाणी काम करते, आणि "गोड खाणारा तो जाड" ही सरळ रेषा जनुकांच्या पातळीवर टिकत नाही.

११. एकादशीला उपवास केल्याने हे संप्रेरक वाढते आणि गोडाची इच्छा मरते, असे ऐकले. खरे आहे का?

उंदरांत उपवासाने हे संप्रेरक काही तासांतच वाढते, आणि २००७ साली दोन गटांनी ते 'उपवासाचे संप्रेरक' म्हणूनच पुढे आणले होते. हा समज तेथून आला असावा. माणसात मात्र तशी वाढ दिसण्यासाठी सात ते दहा दिवसांचे संपूर्ण अन्नत्यागाचे प्रयोग करावे लागले. एका दिवसाच्या उपवासाने माणसाच्या रक्तात तसे काही घडत नाही. त्यात आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. "एकादशी आणि दुप्पट खाशी" असे आपले पूर्वजच म्हणून गेले. श्रद्धेसाठी उपवास करावा, पण त्याला एफजीएफ-२१ची साक्ष काढू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करूच नये, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

१२. साखर खाल्ल्यावरही वाढते, दीर्घ उपासमारीतही वाढते. एकच संप्रेरक दोन विरुद्ध परिस्थितींत कसे वाढेल?

कारण एकाच जनुकाला यकृतात निरनिराळी बटणे आहेत. साखरेचे बटण सीएचआरईबीपीचे. उपासमारीत चरबी जळू लागते तेव्हा पीपीएआर-अल्फा हे दुसरे बटण दाबले जाते. तिसरे बटण प्रथिनांच्या तुटवड्याचे आहे. लुइझियाना राज्यातील पेनिंग्टन संशोधन केंद्राच्या गटाने २०१४मध्ये दाखवले, की आहारात एकूण उष्मांक पुरेसे असले तरी प्रथिने फार कमी पडल्यास एफजीएफ-२१ वाढते. उंदरांत अशा वेळी ते साखरेकडून लक्ष काढून प्रथिनांकडे वळवते.

हे तिन्ही प्रसंग एकत्र ठेवले, की त्यांतील सूत्र दिसते : आहाराचा तोल गेला आहे आणि तो सावरायला हवा, अशी ही यकृताची तक्रार आहे. मात्र यावरून कोणी "प्रथिने कमी खाल्ली तर गोडाची इच्छा जाईल" असा उपाय काढू नये. असे विचारणारे खरोखरच आहेत, म्हणून हे लिहावे लागते. प्रथिनांची कमतरता स्नायूंची झीज करते, आणि डाळ-उसळ कमी करून जिलबी टाळण्याचा मार्ग कोणत्याही हिशेबाने आतबट्ट्याचा आहे.

१३. वडिलांना फॅटी लिव्हर आणि मधुमेह आहे. अशा लोकांत हे संप्रेरक जास्त असते म्हणता, मग त्यांचे गोड सुटत का नाही?

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. स्थूलता, टाइप २ मधुमेह आणि यकृतात चरबी साठणे या तिन्ही अवस्थांत रक्तातील एफजीएफ-२१ निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आढळते. यकृत हाका मारत असते, पण ऐकणारे अवयव बहिरे झालेले असतात, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. इन्सुलिनच्या बाबतीत जे घडते त्यासारखेच हे. काही संशोधकांना 'बहिरेपणा' हा शब्द पूर्ण मान्य नाही, कारण बाहेरून भरपूर प्रमाणात संप्रेरक दिले तर स्थूल व्यक्तींतही ट्रायग्लिसराइड उतरतात, म्हणजे कान पूर्ण बंद झालेले नसतात.

वडिलांपुरते बोलायचे, तर साठ वर्षांची सवय, जेवणानंतर वाटीभर गोड हवेच असा घरचा रिवाज आणि चहाच्या चार फेऱ्या यांच्यापुढे एका संप्रेरकाची हाक क्षीणच पडणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये वरून घातलेली साखर, मध व रसांतील साखर मिळून एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २,००० उष्मांक धरले, तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. चार कप चहातच त्यातील ३०-४० ग्रॅम संपतात. मधुमेहात मर्यादा याहून कडक असू शकते आणि ती डॉक्टर ठरवतील.

१४. माझे एफजीएफ-२१ किती आहे, हे रक्त तपासून कळेल का?

मोजता येते, पण गोडाच्या आवडीसाठी ते मोजून हाती काही लागत नाही. निरोगी माणसांतही ही पातळी एकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे अडीचशेपट बदलू शकते, दिवसभरात ती चढते-उतरते आणि कालच्या जेवणाचा, मद्याचा तिच्यावर परिणाम होतो. अशा आकड्याला 'नॉर्मल' अशी चौकट लावणे अवघड आहे. वैद्यकात ही चाचणी वापरली जाते ती प्रामुख्याने वेगळ्याच कारणासाठी : स्नायूंवर परिणाम करणाऱ्या काही मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या) आजारांत हे संप्रेरक खूप वाढते, असे २०११मध्ये दिसून आले. 'शुगर क्रेव्हिंग पॅकेज'मध्ये कोणी ही चाचणी विकत असेल, तर ते पैसे वाचवावेत.

१५. 'लिव्हर डिटॉक्स' रस घेतल्याने यकृत स्वच्छ होऊन गोडाची हाव जाते, अशी जाहिरात पाहिली.

यकृत हा गाळणीचा कपडा नाही, की तो धुऊन स्वच्छ व्हावा. डिटॉक्स रसांनी एफजीएफ-२१चे काम सुधारते, असे मानण्यास आधार नाही. फळांचा रस असेल, तर यकृताला फ्रुक्टोजच मिळते (प्रश्न ७ पाहा).

१६. या संप्रेरकाचे औषध निघाले आहे का? गोड सोडवण्यासाठी ते मिळेल का?

औषधे तयार होत आहेत, परंतु गोड सोडवण्यासाठी नाहीत. नैसर्गिक संप्रेरक रक्तात अल्पकाळच टिकते, म्हणून त्यात बदल करून आठवड्याने टोचण्याजोगी रूपे बनवली गेली. पहिल्या पिढीतील एका रूपाची मधुमेही, स्थूल रुग्णांवरील चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली : ट्रायग्लिसराइड उतरले, पण रक्तातील साखर अपेक्षेप्रमाणे उतरली नाही. त्यामुळे कंपन्यांचे लक्ष मधुमेहाकडून यकृताच्या चरबी आणि दाह यांच्या आजाराकडे वळले. एफ्रक्सिफर्मिन आणि पेगोझाफर्मिन ही त्यांतील दोन पुढची नावे असून ती चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचली. मळमळ आणि जुलाब हे त्यांचे नेहमीचे त्रास आहेत, आणि उंदरांत हाडे विरळ झाल्याचे दिसल्याने हाडांवरही लक्ष ठेवले जाते.

१७. सेमाग्लुटाइडने माझी गोडाची इच्छा खूप कमी झाली. तेही याच मार्गाने काम करते का?

सेमाग्लुटाइड हे मधुमेह व वजन यांसाठीचे औषध ज्या जीएलपी-१ची नक्कल करते, ते आतड्याचे संप्रेरक आहे आणि ते गोडापुरते न थांबता एकूणच भूक कमी करते. दोन मार्ग स्वतंत्र आहेत, परंतु त्यांची कोठेतरी गाठ पडत असावी. २०२५च्या सुरुवातीला चीनमधील संशोधकांनी उंदरांत अशी साखळी मांडली, की आतड्यातील एका जिवाणूच्या उत्पादनामुळे जीएलपी-१ स्रवते, त्यामुळे यकृतातून एफजीएफ-२१ येते आणि साखरेची ओढ घटते.

१८. दारू सोडल्यापासून नवऱ्याला गोड सारखे लागते. यात यकृताचा संबंध आहे का?

मद्य हे एफजीएफ-२१ वाढवणाऱ्या सर्वांत जोरदार गोष्टींपैकी एक आहे. कोपनहेगनच्या गटाने २०१८मध्ये, मद्य घेतल्यावर निरोगी माणसांत काही तासांतच ते अनेकपट वाढते, असे दाखवले. त्याच अभ्यासासाठी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये तीन दिवस बिअर पिणाऱ्या तिघांचे रक्तही तपासले गेले. (विज्ञानासाठी कोणी काय सोसेल याचा नेम नाही.) उंदीर आणि माकडे यांत हे संप्रेरक मद्याची ओढही कमी करते. माणसात, एक लाखाहून अधिक लोकांच्या २०१६मधील पाहणीत, बीटा-क्लोथोच्या जनुकातील भेद मद्यपानाच्या प्रमाणाशी जोडलेला आढळला. म्हणजे गोड आणि मद्य यांचा लगाम काही अंशी एकच आहे.

तरीही तुमच्या यजमानांच्या अनुभवाचे स्पष्टीकरण केवळ यकृतात शोधू नये. मद्य सुटल्यावर मेंदू आनंदाचा पर्याय शोधतो, मद्यातून मिळणारे उष्मांकही एकाएकी बंद होतात, आणि व्यसनमुक्तीच्या वाटेवर अनेकांना पहिले काही महिने गोड लागते. या काळात एखादा लाडू हा परत दारूकडे जाण्यापेक्षा केव्हाही कमी धोक्याचा आहे. मधुमेह असेल, तर तेवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

१९. भुकेवर परिणाम करणारी यकृताची दुसरी संप्रेरके आहेत का? डोहाळ्यांमागे तीच असतात का?

लीप-२ हे त्यांतील एक. ते यकृत आणि लहान आतडे यांत तयार होते आणि भूक लावणाऱ्या घ्रेलिनची जागा अडवते. २०१८मध्ये त्याची ही भूमिका कळली. ते एकूण भुकेशी निगडित आहे, खास गोडाशी नाही. जीडीएफ-१५ हे ताण पडलेल्या अनेक पेशी बनवतात, त्यांत यकृताच्याही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या भागावर काम करून अन्नावरची वासना उडवते. गरोदरपणात जीडीएफ-१५ मोठ्या प्रमाणावर येते ते गर्भ आणि वार यांच्याकडून, आणि तीव्र उलट्यांशी त्याचा संबंध २०२३मध्ये स्पष्ट झाला. उलट्यांचे कारण असे उलगडले असले, तरी कोणाला चिंच आणि कोणाला पेढे का हवेसे वाटतात, याचे उत्तर यकृताच्या संप्रेरकांत नाही.

२०. मुलाला बाळपणापासून गोड अजिबात चालत नाही. फळ किंवा साखर दिली की उलटी होते. त्याच्यात हे संप्रेरक जास्त असेल का?

येथे आवडनिवड बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे. फ्रुक्टोज पचवताना यकृतात लागणारे अल्डोलेज-बी हे विकर जन्मतः सदोष असेल, तर साखर, फळे किंवा मध खाल्ल्यावर उलट्या होतात, रक्तातील ग्लुकोज झपाट्याने उतरते आणि खाणे चालूच राहिल्यास यकृत व मूत्रपिंड यांना इजा होते. हा आनुवंशिक आजार १९५०च्या दशकात ओळखला गेला. अंगावरच्या दुधावर बाळ छान वाढते, कारण दुधात फ्रुक्टोज नसते, आणि वरचे अन्न सुरू झाल्यावर त्रास दिसू लागतो. अशी मुले स्वतःहूनच गोडाचा तिटकारा शिकतात, म्हणून काही जणांचे निदान मोठेपणी होते, आणि तेव्हा दंतवैद्याला त्यांचे दात विलक्षण निरोगी दिसतात. अशा मुलाला "थोडा प्रसाद तरी घे" म्हणून आग्रह करू नये. निदान झाले असल्यास शाळेत, नातेवाइकांत आणि इस्पितळात तसे लेखी कळवून ठेवावे, कारण शिरेतून दिल्या जाणाऱ्या काही द्रवांत फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असू शकते आणि ते या रुग्णांत जिवावर बेतू शकते. तोंडाने घ्यायच्या पातळ औषधांतही गोडीसाठी हेच पदार्थ घातलेले असतात, म्हणून प्रत्येक नवी बाटली उघडण्याआधी तिच्यावरील घटकांची यादी वाचावी.